क्रोम आपल्याला न विचारता अपडेट का होतो, आणि होऊ द्यावा का?

दर थोड्या दिवसांनी तीच बातमी येते, फक्त तारीख बदलते. "क्रोम वापरताय? सावधान! सरकारचा हाय अलर्ट!" सोबत हुडी घातलेल्या हॅकरचा फोटो (या बिचाऱ्यांना घरात बसून पण हुडी का घालायला लावतात कुणास ठाऊक) आणि मजकूर असा की वाचून घाम फुटतो, पण करायचं काय ते शेवटपर्यंत कळत नाही. मागच्या वेळी ही बातमी फॅमिली ग्रुपवर पडली तेव्हा साताऱ्याच्या मामांचा फोन आला, "अरे, ते क्रोम काढून टाकू का? बँकेचं सगळं त्यातच आहे माझं." मी म्हटलं मामा काढू नका, फक्त पूर्ण बंद करून परत चालू करा. त्यांना वाटलं मी कटवतोय. पण खरंच तेवढंच करायचं होतं.

आधी हा "सरकारचा अलर्ट" म्हणजे काय ते. केंद्राच्या आयटी मंत्रालयाखाली सर्ट-इन नावाची संस्था आहे, २००४ पासून. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय धोका सापडलाय, कुठलं व्हर्जन सुरक्षित आहे, याच्या सूचना ती काढत असते. त्यात क्रोमच्याही असतात, फायरफॉक्सच्याही, अँड्रॉइडच्याही. आणि गंमत म्हणजे अशी सूचना निघते तेव्हा बहुतेक वेळा कंपनीने दुरुस्ती आधीच सोडलेली असते. म्हणजे बातमी "रोग आला" अशी नसते, "औषध आलंय, घ्या" अशी असते. पेपरवाले पहिला अर्धा भागच मोठ्या अक्षरात छापतात.

## ब्राउझर म्हणजे खिडकी नाही, आचारी आहे

आपल्याला वाटतं ब्राउझर म्हणजे खिडकी, पलीकडचं दिसतं एवढंच. तसं नाहीये. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा ती साइट तयार ताट पाठवत नाही, ती पाठवते रेसिपी. इतके फोटो आणा, ते असे उलगडा, हे बटण इथे ठेवा, दाबलं की हा हिशोब करा. आणि ते सगळं शिजतं तुमच्या घरात, तुमच्या गॅसवर. ब्राउझर हा आचारी. दिवसभरात तुम्ही पन्नास साइट उघडल्या तर पन्नास अनोळखी लोकांच्या रेसिप्या तो तुमच्या स्वयंपाकघरात करतो, त्यात जाहिरातींच्या वेगळ्याच, ज्या कुणी पाठवल्या ते त्या साइटवाल्यालाही धड माहीत नसतं.

म्हणून या आचाऱ्याला नियम घालून दिलेले असतात. स्वयंपाकघराबाहेर जायचं नाही, कपाट उघडायचं नाही, एका रेसिपीचं सामान दुसरीत टाकायचं नाही. या कुंपणाला सँडबॉक्स म्हणतात. पण आचाऱ्याच्या डोक्यात लाखो ओळींचा कोड आहे, आणि तो माणसांनीच लिहिलाय. एखादा हुशार चोर अशी विचित्र रेसिपी लिहितो की आचारी गोंधळतो आणि त्या गोंधळात कपाटाची चावी काढून देतो. ही जी गोंधळायची जागा आहे ना, तिला आपण या लेखात फट म्हणू. फट बुजवायला कंपनी जो कोड पाठवते तो पॅच, म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. आणि कंपनीला कळायच्या आधीच चोर जी फट वापरायला लागलेत ती झिरो-डे, कारण दुरुस्तीला शून्य दिवस मिळाले. झाले, एवढेच शब्द लागतात.

## एका फोटोची गोष्ट

उदाहरणाशिवाय हे सगळं हवेत राहतं म्हणून सप्टेंबर २०२३ चा किस्सा सांगतो, गणपती यायच्या आठवडाभर आधीचा.

वेबपी नावाचा फोटोचा प्रकार आहे, गूगलने काढलेला. फोटो छोटा होतो, पेज पटकन उघडतं, म्हणून आज कितीतरी वेबसाइट तोच वापरतात, तुम्हीही नेट वरून फोटो सेव्ह करताना "हे वेबपी काय आहे, उघडत का नाही" असं चिडून म्हटलं असेल. हा फोटो उलगडण्यासाठी ब्राउझरला आधी एक तक्ता तयार करावा लागतो आणि त्यासाठी मेमरीत ठराविक जागा आखून ठेवलेली असते. पंगतीत शंभर पानं मांडतात तशी. आता कुणी मुद्दाम असा बिघडवलेला फोटो बनवला की त्यातून तक्ता शंभराच्या ऐवजी एकशेवीस पानांचा होईल, तर? वरची वीस पानं शेजारच्या मांडवात जाऊन बसणार. शेजारच्या मांडवात म्हणजे मेमरीच्या अशा भागात जिथे दुसरंच काहीतरी महत्त्वाचं ठेवलंय. ते नीट जमवलं की चोराला आपल्या मनासारखा कोड चालवायची वाट मिळते.

आणि यात तुम्ही काही क्लिक करायची, डाउनलोड करायची गरज नाही. फोटो दिसला, बस.

ही फट ॲपलच्या सुरक्षा टीमने आणि टोरांटो युनिव्हर्सिटीच्या सिटिझन लॅबने ६ सप्टेंबरला गूगलला कळवली, ती आधीच कुणीतरी वापरत होतं. क्रोमचं ठिगळ ११ सप्टेंबरला आलं, फायरफॉक्सचं १२ ला. वेगळ्या कंपनीचा ब्राउझर, तरी फट तीच, कारण फोटो उलगडायचा कोड सगळे एकाच ठिकाणचा वापरत होते, एज, ब्रेव्ह, ऑपेरा सगळे त्यात आले. सहा दिवसात शोध, दुरुस्ती, आणि जगभरातल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचायला सुरुवात. आपण तेव्हा मखर कुठलं घ्यायचं यावर भांडत होतो, कुणाला कळलं पण नाही. आता विचार करा हेच प्रत्येकाला "अपडेट करू का?" असं विचारून करायचं असतं तर किती लोकांनी "नंतर" दाबलं असतं. मी दाबलं असतं, खोटं कशाला बोलू.

## ठिगळ लावलं की फट कुठे होती ते चोरालाही कळतं

हा मुद्दा लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबतो.

समजा सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लिहिलंय की सगळ्या फ्लॅटच्या मागच्या दाराच्या कडीत दोष आहे, सुतार बोलावलाय, तो एकेका विंगमध्ये येऊन बदलून देईल. सभासदांसाठी चांगली नोटीस. पण तो बोर्ड चोरही वाचतो. काल त्याला मागच्या दाराचं माहीत नव्हतं, आज आहे. आता ज्याच्या घरी सुतार आलेला नाही, किंवा ज्याने सुताराला "आज पाहुणे आहेत, पुढच्या महिन्यात या" म्हणून परत पाठवलंय, तो कालच्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

क्रोमचा मूळ कोड, क्रोमियम, सगळ्यांना वाचायला खुला आहे. फट बुजवणारा बदल त्यात पडला की तो कुणीही बघू शकतं आणि उलटा विचार करून फट कुठे होती ते शोधू शकतं. कोडात बदल पडल्यापासून तो आपल्या कॉम्प्युटरवर येईपर्यंत जी मधली गॅप असते ती चोरांची सुगी. गूगलने स्वतःच सांगितलंय की आधी ही गॅप सरासरी ३५ दिवस होती, मग दर दोन आठवड्यांनी अपडेट द्यायला लागल्यावर ती १५ वर आली, आणि ऑगस्ट २०२३ पासून तर सिक्युरिटीची अपडेट दर आठवड्याला येतात. लोक म्हणतात "काय सारखी सारखी अपडेट, काही धड बनवता येत नाही का यांना", तर सारखी येतात ती यासाठी. अपडेट थांबवून ठेवणं म्हणजे आहे तिथेच सुरक्षित राहणं असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटं.

## विचारून अपडेट करायचे दिवस

पूर्वी विचारायचे की! आठवतंय का, कोपऱ्यात पिवळं काहीतरी यायचं, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश, मग रीस्टार्ट. त्याचा परिणाम काय झाला ते इंटरनेट एक्सप्लोरर ६ ने दाखवलं. २००१ साली आलेला ब्राउझर, दहा वर्षांनी पण ऑफिसात, सायबर कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये ठाण मांडून होता. शेवटी मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टला स्वतःच "आता तरी सोडा" अशी मोहीम काढावी लागली. आपलंच पोर घराबाहेर काढायला बापाने ढोल वाजवावा तसं. त्याच्या आधी जानेवारी २०१० मध्ये गूगलने जाहीर केलं होतं की त्यांच्यावर हल्ला झाला, आणि त्यात इंटरनेट एक्सप्लोररचीच एक फट वापरलेली निघाली. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा संस्थांनी तेव्हा लोकांना सांगितलं की दुरुस्ती येईपर्यंत दुसरा ब्राउझर वापरा.

क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला तो न विचारता अपडेट होणारा म्हणूनच. २००९ मध्ये झुरिकच्या ईटीएच युनिव्हर्सिटीच्या आणि गूगल स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मिळून मोजलं (गूगलचा माणूस त्यात होता हे लक्षात ठेवून आकडे वाचा), नवीन व्हर्जन आल्यावर २१ दिवसांनी किती लोक त्यावर पोचलेत. क्रोमचे ९७ टक्के, फायरफॉक्सचे ८५, सफारीचे ५३, आणि ऑपेराचे २४. ऑपेरा वाईट ब्राउझर होता का? अजिबात नाही, पण तो तेव्हा जवळजवळ नवीन सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला लावल्यासारखं अपडेट करायला लावायचा, आणि माणूस आळशी आहे. पुढे २०१२ मध्ये फायरफॉक्स पण गुपचूप अपडेटकडे वळला आणि मायक्रोसॉफ्टने पण त्याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलपासून सुरुवात करून आपोआप नवीन व्हर्जन टाकायला घेतलं.

## "पण मला विचारलं का नाही?"

आता आक्षेपांकडे. हा सगळ्यात मोठा आणि मला यात दम वाटतो.

सुताराचंच उदाहरण पुढे नेऊ. रात्री येऊन कडी बदलून गेला, ठीक आहे, उपकार झाले. पण सकाळी उठून बघता तर स्वयंपाकघरातले डबे हलवलेले, देव्हारा दुसऱ्या भिंतीला, आणि फ्रीजवर एका कंपनीचं स्टिकर. विचारलं तर म्हणतो, "साहेब, सुरक्षेसाठी." ब्राउझरच्या अपडेटचं दुखणं हेच आहे, फट बुजवणारं ठिगळ आणि कंपनीच्या आवडीचे किंवा धंद्याचे बदल एकाच पार्सलात येतात, आणि पार्सल परत पाठवलं तर ठिगळही परत जातं.

सप्टेंबर २०१८ मध्ये क्रोम ६९ आला. त्यात असं झालं की तुम्ही जीमेल उघडून लॉगिन केलं की ब्राउझरही आपोआप त्याच अकाउंटने साइन-इन व्हायचा. लोक भडकले, कारण मेल बघणं वेगळं आणि आख्खा ब्राउझर गूगलच्या अकाउंटला जोडणं वेगळं. पुढच्याच व्हर्जनमध्ये ते बंद करायची सोय द्यावी लागली. पण सोय आली ती ओरडा झाल्यावर.

मग ॲडब्लॉकरचं. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला आपण वरून जोडतो ती छोटी सोय) लाखो लोक वापरायचे, २०२४ च्या शेवटापासून क्रोमने ते आणि त्या जुन्या पद्धतीची बाकी एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद केली. आधी एक्स्टेन्शन म्हणजे तुम्ही ठेवलेला तुमचा स्वतःचा वॉचमन, गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला बघून आत सोडायचं की नाही ते तो ठरवायचा. नवीन पद्धतीत वॉचमन क्रोमचाच, तुम्ही फक्त त्याला आधी यादी द्यायची, यादीलाही मर्यादा. गूगलचं म्हणणं, खाजगी वॉचमनच चोर निघायचे, सगळं बघायची परवानगी घेऊन लोकांची माहिती पळवायचे. हे खोटं नाही, अशी एक्स्टेन्शन्स खरंच सापडलेली आहेत. पण जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीने जाहिरात अडवणाऱ्याचे हात बांधणं "तुमच्या भल्यासाठी" म्हणावं, हे ऐकून माणूस हसणारच. मला स्वतःला वाटतं दोन्ही कारणं खरी आहेत, आणि म्हणूनच निर्णय वापरणाऱ्याकडे असायला हवा होता.

फायरफॉक्स म्हणजे सज्जन असंही नाही हां. त्यांची गोष्ट तर जास्त बोलकी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांना अचानक एक्स्टेन्शनच्या यादीत एक अनोळखी नाव दिसायला लागलं, लुकिंग ग्लास, खाली काहीतरी गूढ वाक्य. लोकांना वाटलं व्हायरस आला. निघालं काय, तर एका टीव्ही मालिकेच्या प्रमोशनसाठीचा खेळ, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेच टाकलेला. टाकला कुठल्या वाटेने? "स्टडीज" नावाची एक सोय असते, नवीन गोष्टींची छोट्या प्रमाणात चाचणी घ्यायला, त्या वाटेने. मोझिलाने माफी मागितली, पण चिडलेल्या बऱ्याच लोकांनी सेटिंगमध्ये जाऊन स्टडीज बंद करून टाकलं.

आता पुढचं बघा. ४ मे २०१९. एक्स्टेन्शनच्या सह्या तपासायला जे सर्टिफिकेट लागतं त्यातल्या एकाची मुदत संपली आणि मोझिलात कुणाच्याच लक्षात आलं नाही. जगभर फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स बंद पडायला लागली, ॲडब्लॉकर, पासवर्ड सांभाळणारी, सगळी. मोझिलाने धावपळ करून तात्पुरती दुरुस्ती बनवली, आणि ती सगळ्यात लवकर पाठवायची वाट कुठली होती? स्टडीज. ज्यांनी दीड वर्षापूर्वी ती वाट चिडून बंद केली होती त्यांच्यापर्यंत पहिली दुरुस्ती पोचलीच नाही, त्यांनी एकतर ते परत चालू करायचं नाहीतर नवीन व्हर्जनची वाट बघायची. ज्या दाराने जाहिरात आत सोडली ते दार लोकांनी लावून घेतलं, आणि नंतर त्याच दारातून डॉक्टर येणार होता. चूक लोकांची नाही. पार्सलात भेसळ करणाऱ्याची आहे.

आणि ठिगळ वेगळं देता येत नाही असंही नाही. फायरफॉक्सचं ईएसआर म्हणून व्हर्जन २०१२ पासून आहे, त्यात नवीन फिचर्स वर्षभरातून एकदा वगैरे, मध्ये फक्त दुरुस्त्या, कुणीही घेऊ शकतं. क्रोमने पण २०२१ पासून कंपन्यांसाठी आठ आठवड्यांचं सावकाश चालणारं व्हर्जन ठेवलंय, त्यातही मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. म्हणजे जमतं. जुन्या कोडावर वेगळं ठिगळ शिवत बसायला खर्च येतो, काही ठिगळं नीट बसत नाहीत, हे मान्य. पण ऑफिसच्या साहेबाला मिळणारी सवलत मामांना साध्या सेटिंगमधून का मिळू नये?

## अपडेटने बिघडलं तर?

बिघडतं. २२ मार्च २०२१ आठवा, अँड्रॉइड फोनवर जीमेल उघडलं की बंद, बँकेचं ॲप उघडलं की बंद. लोक फोन रीसेट करायला निघाले होते. कारण होतं वेबव्ह्यू, म्हणजे बाकी ॲप्सच्या पोटात बसून वेबपेज दाखवणारा क्रोमचा छोटा भाऊ, त्यात गडबड झाली आणि ज्याच्या पोटात तो होता ती सगळी ॲप्स आडवी. त्याच्या आधी नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलने क्रोममधला एक प्रयोग लांबूनच चालू केला, व्हर्जन तेच, वापरणाऱ्याने काहीच केलेलं नाही, आणि मोठ्या ऑफिसांमध्ये जिथे एका सर्व्हरवर शेकडो लोक काम करतात तिथे टॅब पांढरेफटक पडायला लागले. आयटीवाले दोन दिवस स्वतःच्या सेटिंग्ज तपासत बसले.

म्हणून अपडेट एकदम सगळ्यांना सोडत नाहीत. आधी हौशी लोकांसाठीची कच्ची व्हर्जन्स असतात, मग बीटा, मग खऱ्या वापरणाऱ्यांतल्या थोड्यांना, काही फुटलं नाही तर बाकीच्यांना. लग्नाच्या आचाऱ्याने आमटी आधी वाटीत घेऊन चाखावी तसं. तरी कधीतरी मीठ जास्त होतंच. पण एवढ्या वर्षांत किती वेळा बिघडलं आणि किती वेळा गुपचूप वाचलो याचा हिशोब मांडला तर मी अपडेट चालू ठेवण्याच्या बाजूने आहे. बिघडलेलं दिसतं, वाचलेलं दिसत नाही.

## अपडेटमध्येच विष असेल तर?

हा आक्षेप ऐकून हसू नका, हे घडलंय, आणि आपल्या न्हावाशेव्यापर्यंत पोचलंय. जून २०१७ मध्ये युक्रेनमध्ये हिशोब आणि टॅक्ससाठी वापरलं जाणारं मेडॉक नावाचं सॉफ्टवेअर होतं, हल्लेखोर त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच घुसले आणि नॉटपेट्या नावाचं विध्वंसक सॉफ्टवेअर अधिकृत अपडेट म्हणून पाठवलं. तिथून ते मर्स्क या जहाज कंपनीत गेलं, आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरच्या रांगा लागल्या. उरणच्या ट्रकवाल्याचा युक्रेनच्या टॅक्स सॉफ्टवेअरशी काय संबंध? काहीच नाही, पण गाडी मात्र रांगेत.

मोठे ब्राउझर यासाठी अपडेटवर डिजिटल सही करतात, चेकवर बँक सही जुळवते तसं तुमचा कॉम्प्युटर ती सही जुळवूनच पुढे जातो, वाटेत कुणी पार्सल बदललं तर सही जुळत नाही. पण कंपनीच्या आतच कुणी घुसलं तर? तर धोका आहे. पूर्ण विश्वास कुणावरच नाही ठेवता येत. फक्त तुलना अशी की, क्रोमच्या अपडेटमधून विष येणं हा शक्यतेतला धोका आहे आणि न बुजवलेल्या फटीतून चोर येणं हा रोजचा.

## आमच्या ऑफिसची साइट जुन्या ब्राउझरवरच चालते

हे दुखणं मी स्वतः भोगलंय. आधीच्या नोकरीत टेंडर भरायचं काम होतं, डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह लावायचा आणि ती साइट जावाच्या जुन्या प्लगिनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या प्रोग्रॅमवर चालायची. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये तसले प्लगिन पूर्ण बंद केले. मग काय, एका कोपऱ्यात एक पीसी, त्यावर जुना ब्राउझर, आणि मॉनिटरला चिकटवलेला कागद, "हा पीसी अपडेट करू नये. करणाऱ्याकडून वसूल केले जाईल." टेंडरच्या शेवटच्या दिवशी त्या पीसीपुढे देवळासारखी रांग.

यात ब्राउझरवाल्यांना शिव्या देणं सोपं होतं, पण ते प्लगिन म्हणजे खरोखर भगदाड होतं, आणि ते बंद होणार हे कितीतरी आधी सांगितलेलं. दोष साइट बदलायचं टाळणाऱ्याचा जास्त. आपल्याकडेच असं आहे असं नाही, दक्षिण आफ्रिकेच्या टॅक्स खात्याने तर जानेवारी २०२१ मध्ये कमाल केली, फ्लॅश (तसलंच एक जुनं प्लगिन) बंद झाल्यावर फॉर्म बदलायच्या ऐवजी फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझरच काढला! तुमच्याकडे असा पीसी अजून असेल तर त्यावर फक्त तेवढीच साइट उघडा. त्याच पीसीवर लंच टाइमला क्रिकेटचा स्कोअर बघू नका.

## "माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय" आणि डेटाचं काय

पहिल्याचं उत्तर छोटं. तुमचा मेल ज्याच्या हातात तो तुमच्या बँकेचा, इन्शुरन्सचा, फेसबुकचा पासवर्ड बदलू शकतो, आणि तुमच्या नावाने मावशीकडे पैसे मागू शकतो.

अपडेटला नेटपॅकचा डेटा लागतो त्याचं म्हणाल तर पूर्ण ब्राउझर दरवेळी उतरत नाही, फक्त फरक उतरतो. क्रोमने २००९ मध्येच यासाठी एक पद्धत काढली होती, तेव्हा त्यांनी दिलेल्या उदाहरणात सुमारे एक कोटी बाइटचं अपडेट ७८,८४८ बाइटमध्ये बसलं होतं. एका गुड मॉर्निंगच्या फोटोएवढं.

जुना पीसी असेल तर मात्र अडचण खरी आहे. विंडोज ७ वर क्रोम १०९ हे शेवटचं, फेब्रुवारी २०२३ पासून तिथे पुढचं येतच नाही. फायरफॉक्सने ११५ ईएसआरवर अशा पीसींना ठरल्यापेक्षा जास्त काळ दुरुस्त्या दिल्या. पण विंडोजच जुनं असेल तर ब्राउझर नवा असून भिंत पडकी राहते, त्यावर बँकेचं काम करू नका.

## मग आपल्या हातात काय

मामांना मी फक्त "बंद करून चालू करा" का म्हटलं, तर आपोआप अपडेट हे अर्धंच आपोआप असतं. क्रोम दिवसातून काही वेळा गुपचूप बघतो, नवीन असेल तर उतरवून ठेवतो, पण ते लागू होतं ब्राउझर बंद करून परत उघडल्यावर. जो माणूस लॅपटॉप नुसता मिटवतो आणि ब्राउझर महिनोन्महिने उघडाच ठेवतो त्याच्याकडे सुतार दारात कडी घेऊन उभाच आहे. उजवीकडे वर तीन टिंबं असतात तिथे रंग दिसतो, हिरवा म्हणजे अपडेट एक-दोन दिवसांपूर्वी आलंय, नारिंगी म्हणजे चारेक दिवस झाले, लाल म्हणजे आठवडा उलटला. तिथेच मदत, मग क्रोमबद्दल, असं गेलं की व्हर्जन दिसतं आणि तपासणीही होते.

फोनवर अपडेट प्ले स्टोअरमधून येतं, आणि स्टोरेज भरलेलं असेल किंवा फक्त वायफायवर असं सेटिंग असून घरी वायफायच नसेल तर ते येतच नाही, हे बऱ्याच घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर सापडेल. आयफोनवर सफारी आयओएसच्या अपडेटबरोबर येतो, आणि आपल्याकडे आयफोनवरचा क्रोम पण आतून सफारीच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे तिथे आयओएस अडवून ठेवलं तर दोन्ही अडकले.

निवड हवी असेल तर फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये "आधी मला विचार" असा पर्याय आजही आहे, पण तो घेतलात तर विचारल्यावर हो म्हणायची जबाबदारी तुमची. बदल कमी हवे असतील तर ईएसआर घ्या, त्याने डबे वर्षातून एकदाच हलतात आणि कड्या वेळेवर बदलतात. मी घरच्या पीसीवर तेच केलंय.

आणि एक. खरं अपडेट कधीही वेबपेजच्या मधोमध "तुमचा क्रोम जुना झालाय, इथे क्लिक करा" असं म्हणत येत नाही, व्हॉट्सॲपवर फाईल म्हणून तर नाहीच नाही. अशी खोटी अपडेट पाने हा चोरांचा जुना धंदा आहे, आणि सरकारी अलर्टच्या बातमीनंतर घाबरलेली माणसं त्यात पटकन सापडतात. पेजवर दिसलं की पेज बंद, आणि मग तीन टिंबांत जाऊन स्वतः बघा.

मामांनी शेवटी व्हिडिओ कॉल करून स्क्रीन दाखवली. तीन टिंबं लालभडक, आणि वर टॅब इतके की नावं दिसत नव्हती, नुसती चिन्हं. म्हणाले, "बंद नाही करत रे, ते सगळे वाचायचेत मला." मी सांगितलं सेटिंगमध्ये "जिथे सोडलं तिथून सुरू करा" निवडा, सगळे टॅब परत येतील, फक्त इन्कॉग्निटोवाले येणार नाहीत. मामी मागून म्हणाल्या, "इन्कॉग्निटो म्हणजे काय हो?" मामांनी कॉल कट केला. दहा मिनिटांनी मेसेज आला: "झालं अपडेट. सगळे आले."